काशीच्या नावाखाली बँकॉक

बँकॉकच्या रस्त्यावर पहिल्यांदा उभे राहिलो तेव्हा आम्हा दोघांनाही काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय चुकतंय ते कळत नव्हतं. गाड्यांच्या सहा-सहा रांगा, त्यांच्या मधून घुसणाऱ्या मोटारसायकली, डोक्यावरून धावणारी रेल्वे, आणि विजेच्या खांबावर तारांची अशी गुंतवळ की आमच्या पेठेतला वायरमन बघून मटकन खालीच बसला असता. मग बायकोच्या ध्यानात आलं. ती माझा दंड धरून म्हणाली, "अहो, हॉर्नच कोण वाजवत न्हाई की."

खरंच वाजवत नव्हतं. शिवाजी पेठेत मी दुकान बंद करून घरी येईपर्यंत वीस वेळा हॉर्न मारतो, त्यातले दहा विनाकारण. इथं सिग्नलला आमची बस पाच मिनिटं जागची हलली नाही आणि ड्रायव्हर शांतपणे आरशात बघून केस सारखे करत होता. मी तापट माणूस. एवढ्या गर्दीत एवढी शांतता मला सोसवेना, कारण शांतता असली की आपलं आपल्याला ऐकू येतं, आणि मला त्या दिवसांत स्वतःचं काही ऐकायचं नव्हतं. मी आईला काशीला जातो म्हणून सांगून आलो होतो.

हे कसं झालं ते सरळच सांगतो. शेतीच्या पाइपांचं आणि पाण्याच्या मोटारींचं माझं दुकान आहे. कंपनीनं ठरवून दिलेला माल वर्षात खपवला की दुकानदाराला परदेश सहल, जोडप्यानं. त्या वर्षी कागलच्या बाजूला पाण्याच्या नव्या लाइनी पडल्या आणि माझा माल खपला. कंपनीच्या माणसानं फोनवर अभिनंदन केलं आणि म्हणाला, "साहेब, बँकॉक." माझं तोंड उतरलं. आमच्या पेठेत बँकॉक हा शब्द उच्चारला की तालमीच्या कट्ट्यावरची माणसं आधी डोळा मारतात आणि मग हसतात. बायकोला घेऊन जातोय म्हटलं तरी हसतातच, उलट जास्त हसतात. माणसं मी सहन केली असती. पण कट्ट्यावरचं बोलणं फिरत फिरत आईच्या कानावर जाणार, आणि या वयात तिला कुणीतरी खुलासा करून सांगणार की तुमचा लेक कुठं गेलाय आणि तिथं काय असतं. एवढा विचार करून मी न जाण्याचंच ठरवत होतो.

पण बायकोनं त्या फोननंतर आठ दिवस काहीच म्हटलं नाही. आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. लग्नानंतर आम्ही गेलो ते जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला, पुढं मुलीचं शिक्षण, तिचं लग्न, वडिलांचं आजारपण. ती कधी काही मागत नाही, आणि न मागणाऱ्या माणसाचं गप्प बसणं फार जड असतं. नवव्या दिवशी आईनं जेवताना विचारलं, "कुठं जायाचं चाललंय म्हणं तुमचं?" आणि माझ्या तोंडातून निघून गेलं, "काशीला."

मी खोटं जुळवलेलं नव्हतं, ते तयार असल्यासारखं बाहेर पडलं. आईचा घास हातातच राहिला. मग तिनं ताटाला नमस्कार केला. म्हणाली, "तुझ्या बाऽचं तेवढं करून ये तिथं. पिंड ठेव. मी काय आता येत न्हाई, गुडघ्यानं जिनासुदीक उतरत न्हाई." बायकोनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी ताक मागितलं. खोलीत गेल्यावर ती म्हणाली, "आताच जाऊन खरं सांगा. मला न्हाई जायाचं असलं पाप करून." मी सांगतो म्हणालो. सकाळी उठलो तर आईनं शेजारच्या काकींना सांगून झालं होतं, आणि काकींना सांगितलं म्हणजे पेठेला सांगितलं. दुपारपर्यंत तिघांनी मला गंगेच्या पाण्याचा गडू आणायला सांगितला. तेव्हा फोडलं असतं तर थोडक्यात मिटलं असतं, आता समजतं. मी फोडलं नाही. आमच्या जिल्ह्यातून त्या सहलीला मी एकटाच होतो, बाकीचे दुकानदार विदर्भ-मराठवाड्यातले, त्यामुळे कळणार कुणाला, असा कोता हिशोब मी केला.

निघताना आईनं पिशवी दिली. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कापूर, आणि नव्या कापडात गुंडाळलेला वडिलांचा फेटा. "पिंडाला बसशील तवा मांडीवर असू दे," ती म्हणाली. तो फेटा बॅगेत तळाशी ठेवून मी विमानात बसलो. विमानतळावरच्या त्या यंत्रातून बॅग जाताना पडद्यावर काय दिसतं ते माणूस बघत होता, आणि मी त्या माणसाचं तोंड बघत होतो. त्याला काहीच दिसलं नाही. बॅग पुढे सरकली.

आता शहराबद्दल सांगायला हवं, कारण मी आयुष्यात परदेश तेवढाच बघितला. पहिल्या दोन दिवसांत सहलवाल्यांनी आम्हाला कळपासारखं फिरवलं. सोन्याचा बुद्ध, झोपलेला बुद्ध, रत्नांचं दुकान, आणि दोन्ही वेळेला एका पंजाबी हॉटेलात डाळ-भात. चाळीस दुकानदार आणि चाळीस बायका, सगळे एकमेकांचे फोटो काढतायत, आणि मी प्रत्येक फोटोतून बाजूला सरकतोय. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मला ह्यांच्यासंगं न्हाई फिरायचं. आपण दोघंच जाऊया." माझी काही हिंमत नव्हती. इंग्रजी माझं बेताचं, आणि तिथल्या लोकांचं माझ्याहून बेताचं. पण तिनं हॉटेलचं कार्ड पर्समध्ये घातलं आणि चालायला लागली.

तिनं त्या दिवशी जीन्स घातली होती. मुलीची जुनी. कमरेला पिन लावून बसवलेली, वर माझ्यासमोर कधी न घातलेला पिवळा कुर्ता, पायात बूट. लिफ्टच्या आरशात तिनं स्वतःला बघितलं, मग मला बघितलं आणि म्हणाली, "हसू नका." मी हसत नव्हतो. ती कागलची पोर सव्वीस वर्षांपूर्वी आमच्या घरात आली तेव्हापासून मी तिला अशी ताठ मानेनं चालताना बघितलीच नव्हती, आणि तेही मला आधी कधी जाणवलं नव्हतं.

आम्ही दिवसभर चाललो. काळ्या पाण्याच्या कालव्यातून एक लांबडी होडी जाते, बससारखी, माणसं दोर धरून उडी मारून चढतात. तिकीट काढणारी बाई होडीच्या बाहेरच्या काठावरून हेल्मेट घालून चालते. बायको पहिल्या उडीला घाबरली, दुसऱ्या धक्क्यावर तिनं मला हात दिला. प्रत्येक दुकानापुढं, बँकेपुढंसुद्धा, खांबावर एक छोटं देऊळ, आपल्या तुळशी वृंदावनाएवढं, आणि त्याच्यापुढं लाल सरबताची बाटली, आत नळी घालून ठेवलेली. देवाला पिता यावं म्हणून. बायकोला ते फार पटलं. "आपण नुसता नैवेद्य दाखवतो," ती म्हणाली, "ह्यांनी नळीपण दिलीया." अनोळखी माणसं हात जोडून नमस्कार करत होती आणि आम्ही उलट नमस्कार करत होतो, बाकी एक शब्द कळत नव्हता, आणि तरी अडत नव्हतं.

एका गल्लीच्या तोंडाशी आईच्या वयाची एक म्हातारी आंबे कापत बसली होती. तिनं चिकट गोड भात पानावर घातला, वर नारळाचं दूध ओतलं आणि बाजूला पिवळाधमक आंबा लावला. बायको म्हणाली, "भातासंगं आंबा? ह्यांचं काय बिनसलंय?" आणि मग एक पान संपवून तिनं दुसरं मागितलं. मीही खाल्ला. फेब्रुवारी महिन्यात तसा आंबा. मी आंब्याचा वेडा आहे, घरी पहिली पेटी फुटेपर्यंत मला झोप येत नाही. म्हातारीनं माझ्याकडे बघून आणखी दोन फोडी घातल्या, पैसे न घेता, आणि स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आई असंच करते, माझ्या ताटात न विचारता वाढते. मी पान खाली ठेवलं. बायकोनं विचारलं काय झालं, मी म्हटलं तिखट लागलं. गोड भाताला तिखट म्हणालो, आणि तिनं माझं पान स्वतःकडे ओढलं.

चौथ्या दिवशी सकाळी हॉटेलबाहेर भगव्या-पिवळ्या वस्त्रांतले भिक्षू अनवाणी चालत आले. लोक बूट काढून, गुडघे टेकून त्यांच्या पात्रात अन्न घालत होते. बायको पळत वर गेली आणि आईच्या दशम्या घेऊन आली. आईनं सांगितलं होतं की घाटावर एखाद्या साधूला दे. "हा साधूच की," ती म्हणाली, जणू माझ्याशी वाद घालत. शेजारच्या भाजीवालीनं तिला खुणेनं शिकवलं की हात लागू द्यायचा नाही, वरून सोडायचं. एका पोरसवदा भिक्षूच्या पात्रात कोल्हापूरच्या दोन दशम्या आणि चटणी पडली, त्यानं काहीतरी म्हटलं आणि पुढे गेला. बायकोचे डोळे भरून आले होते. मला वाटलं तिला तेवढ्यानं हलकं वाटलं असेल, पण ती म्हणाली, "मी आत्तींना सांगू शकत न्हाई हे. हे एवढं चांगलं झालं आणि मी त्यास्नीच सांगू शकत न्हाई."

त्याच संध्याकाळी मी सगळ्यात वाईट गोष्ट केली. तोवर मी रोज काकींच्या फोनवर व्हॉट्सॲपवरून दोन मिनिटं बोलत होतो, "इथं रेंज न्हाई, व्हिडिओ लागत न्हाई" म्हणून पटकन ठेवत होतो. त्या संध्याकाळी आम्ही तिथल्या मोठ्या नदीच्या धक्क्यावर उभे होतो. पलीकडं देवळाचा उंच कळस दिव्यांनी उजळला होता, पाण्यातून होड्या, गलबतं, दिव्यांच्या बोटी चालल्या होत्या, आणि लाटा धक्क्याच्या फळ्यांवर आपटत होत्या. मी फोन लावला. आई म्हणाली, "पिंड झालं का रं?"

मी म्हणालो, "झालं."

"फेटा मांडीवर हुता?"

"व्हय."

पाण्याचा आवाज फोनमधून जात असणार. तिनं विचारलं, "त्यो गंगंचा आवाज व्हय?"

मी हो म्हणालो. ती म्हणाली, "फोन जरा पाण्याकडं धर की." आणि मी धरला. पन्नाशी ओलांडलेला माणूस, परक्या देशात, धक्क्याच्या कठड्यावरून वाकून आईसाठी फोन नदीवर धरून उभा. शेजारी जोडपी फोटो काढत होती, एक गोरी बाई मला बघून हसली. बायकोनं तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं मी फोन कानाला लावला तेव्हा काकींचा आवाज आला, "अक्का हात जोडून बसल्यात. ठेव आता, पैसे जातील."

आम्ही हॉटेलवर परतलो. मला स्वतःची किळस आली होती. बायकोनं जीन्स काढून घडी घातली आणि बॅगेत तळाशी, फेट्याच्या शेजारी, कोंबली. परत कधी घातली नाही.

कोल्हापूरला उतरलो ते सकाळी. रिक्षा महाद्वार रोडला थांबवून मी पूजासाहित्याच्या दुकानातून सील केलेले गंगेच्या पाण्याचे गडू घेतले आणि काशीचे म्हणून वाटायला काळ्या दोऱ्यांची जुडी घेतली. दुकानदार हसून म्हणाला, "पावणं, मावंदं हाय जणू." काशीहून आल्यावर गावजेवण घालतात, गंगा पुजतात, त्याला मावंदं म्हणतात, आणि त्याचा मला तोपर्यंत विसरच पडला होता. घरी पोचलो तर आई उंबऱ्यावर तांब्या घेऊन उभी. जिना न उतरणारी बाई पायरीवर बसली, आमच्या पायांवर पाणी घातलं आणि तिनं माझ्या पायावर कपाळ टेकायला मान खाली केली. मी मागं सरकलो, म्हटलं, "आई, काय करतीस." ती म्हणाली, "तुझ्या न्हाई रं, मी काशीच्या पाया पडतोय." आणि पडली.

त्या आठवड्यात मावंदं झालं. आईनं पुरणपोळ्यांचं सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. गल्लीतल्या बायका रांगेनं आल्या, गडूला हळद-कुंकू लावून आमच्या दोघांच्या पाया पडल्या. त्यात काकी होत्या, सुतारांच्या घरच्या सत्तरीतल्या एक आजी होत्या, त्यांना वाकताना दोघींनी धरावं लागलं. बायकोनं पहिल्या दोघींनंतर पाय साडीत ओढून घेतले, तर लोक म्हणाले, किती नम्र पोरगी. मी बसलो पाटावर. उठून जाण्याची हिंमत नव्हती आणि बसण्याची लाज होती.

जेवणं झाल्यावर कुणीतरी विचारलं, "काय सोडलंसा तिथं?" काशीला गेलेल्यानं आवडीचं एखादं फळ नाहीतर भाजी कायमची सोडायची असते. बायको पटकन म्हणाली, "दुधी," आणि बायका हसल्या, कारण दुधी सगळेच सोडतात. माझ्याकडे सगळे बघायला लागले. माझ्या डोक्यात काही नव्हतं, फक्त त्या म्हातारीचं पान होतं. मी म्हणालो, "आंबा." आई माझ्याकडे बघतच राहिली. मला आंबा किती आवडतो हे तिच्याइतकं कुणाला माहीत. तिचे डोळे अभिमानानं भरले, आणि मला वाटलं, बरं झालं, निदान एवढी तरी शिक्षा खरी असू दे.

मे महिन्यात मलकापूरकडच्या एका गिऱ्हाइकानं पेटी पाठवली. वासानं घर भरलं. आईही आंबा खाईना, मी खात नाही म्हणून. मी म्हटलं तू खा, तुझं काय, ती म्हणाली, "तू एवढं सोडलंस, माझ्या घशाखाली कसा उतरंल." पेटी काकींकडे गेली. माझ्या खोट्यामुळे आईनं आंबा सोडला हे मी बायकोलासुद्धा मोठ्यानं म्हणू शकलो नाही. ती जाणत होती. तिच्या फोनमध्ये एक फोटो आहे, कालव्याच्या होडीत, पिवळा कुर्ता, तोंडभर हसणारी. तो तिनं कुठल्यातरी कुलूपबंद कप्प्यात ठेवलाय. मी एकदा म्हटलं, मुलीला तरी दाखव. ती म्हणाली, "आणि काय सांगू?"

एवढ्यावर निभलं असतं तर कदाचित मी कधीच तोंड उघडलं नसतं, तेही कबूल करतो. पण भाद्रपदात पितृपंधरवडा आला. वडील गेल्यापासून आई त्यांचा म्हाळ कधी चुकवत नाही. त्यांच्या तिथीला वडे, खीर, आळूची भाजी, पाच माणसं जेवायला, आणि एक पान वडिलांच्या नावानं. तिथीच्या दोन दिवस आधी मी विचारलं, "भाजी कधी आणायची?" आई दारात बसून घेवडा निवडत होती. म्हणाली, "औंदा म्हाळ न्हाई. काशीला पिंड पडलं की त्यो माणूस सुटला. आता त्येंच्या नावानं वाढायचं न्हाई, अडकत्यात. तू त्यास्नी मोकळं केलंस."

मी दुकानात गेलो आणि गिऱ्हाइकावर विनाकारण ओरडलो. दुपारी परत आलो. वडील जेवायला उशीर झाला की ताटावर बोटं वाजवायचे. त्यांचं पान माझ्यामुळे मांडलं जाणार नव्हतं. पिंड नाही, म्हाळ नाही. मी देवाधर्माचा फारसा माणूस नाही, पण बाप उपाशी राहणार हा विचार एकदा डोक्यात आला की तो तर्कानं जात नाही. आई तिथंच बसली होती. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. कंपनी, बँकॉक, नदी, महाद्वार रोडचे गडू. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिनं मला अडवलं नाही.

आई शिव्या देईल असं मला वाटलं होतं. तिच्या शिव्या पेठेत प्रसिद्ध आहेत, मला त्या हव्या होत्या. ती घेवड्याच्या शेंगा मोडत राहिली. मग म्हणाली, "फेटा?"

"बॅगेतच हुता."

"म्हंजे त्यास्नी पाणीबी न्हाई."

मी नाही म्हणालो. मग तिनं विचारलं, "त्या बायका पाया पडल्या त्या मग कुणाच्या?"

मी म्हणालो, "आई, आपण तिघं जाऊ. खरंच जाऊ, उचलून नेतो तुला." ती म्हणाली, "आणि लोकांस्नी काय सांगू? ह्यो परत कशापायी चाललाय म्हणून?" तिनं शेंगा परडीत ओतल्या, हात झटकले. बायकोकडे न बघता म्हणाली, "पोरी, उद्या डाळी भिजत घाल. म्हाळ घालायचा." मला वाटलं, चला, निदान पान तरी वाढलं जाणार. खरं सांगून मोकळा झालो असंही वाटलं, आणि त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवलो.

म्हाळाच्या दिवशी काकी सकाळीच वडे तळायला मदतीला आल्या. त्या दरवर्षी येतात. कढई तापत होती, आई पाटावर बसून पीठ थापत होती, मी केळीची पानं पुसत होतो. काकी म्हणाल्या, "अक्का, एक इचारू? काशी केलीया न्हवं पोरानं. मग म्हाळ कसा?"

मी पानावरून हात काढला. वाटलं, आता आई सांगेल. तिनं सांगितलं असतं तर मी खाली मान घालून ऐकलं असतं, मी तेवढा तयार झालो होतो. आईनं वडा हातावर नीट गोल केला, मधे भोक पाडलं.

"सपनात आलंतं," ती म्हणाली. "परवा पहाटं. दारात हुबं ऱ्हायलंतं, फेटा बांधून. म्हणालं, काशी पावली, पर तुझ्या हातचं जेवाय पायजे."

काकींनी झारा खाली ठेवला आणि हात जोडले. त्यांचे डोळे पाणावले. मला म्हणाल्या, "नशीब लागतं बाबा. मागाय आलं ते." आईनं वडा तेलात सोडला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, बायकोकडेही नाही.

वडील गेल्याला नऊ वर्षं झाली. ते एकदाही स्वप्नात आले नाहीत, हे आईचं एकच दुःख आहे. ती रोज झोपताना त्यांना ये म्हणून सांगते, आणि सकाळी विचारलं की मान हलवते. न्हाई आलं.